मिरचीची आग आणि ललिताचे पाय

मिरची जाळत नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण माझा सगळा जन्म मिरचीत गेला आणि मला हे फार उशिरा कळले. मिरचीने कातडीवर भाजल्याचा डाग पडत नाही. ती कातडीला फक्त सांगते की तू जळून राहिली आहेस, आणि कातडी ते खरे मानते. माणसे मानत नाहीत. माझा राग त्या माणसांवर आहे.

मला चारचौघांत बोलता येत नाही. विहारात बायकांची बैठक असली की मी मागे, चपला काढतात तिथे बसते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचायची सवय सुटली नाही. दिवाळी अंकांत मोठमोठे साहेब आपल्या नोकरीतले अनुभव लिहितात ते मी वाचते. कोणी धरण बांधलेले असते, कोणी चोर पकडलेले असतात. मिरची खुडणारीला कोण विचारतो? पण काम ते काम. तोंडातून निघाले नाही ते कागदावर काढते आहे. कोणाला वाचायला देणार नाही.

भिलाईत कॅम्प-1 च्या बाजारामागे मसाल्याची चक्की आहे. मिरची पोत्यांत येते. आम्ही बायका जमिनीवर ढीग घालून बसतो, देठ खुडतो, काळी पडलेली, बुरशी धरलेली मिरची बाजूला टाकतो. मग ती गच्चीवर उन्हात वाळते आणि कुटायच्या मशीनमध्ये जाते. देठ खुडायला अंगठ्याचे नख लागते. माझे ते नख पत्र्यासारखे कडक आणि पिवळे झाले आहे. भंडाऱ्याकडे माझी आई हेच काम सातऱ्यावर करत होती. सातरा म्हणजे देठ खुडायची उघडी जागा, वर आभाळ, खाली मिरची. मी लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा वाटले, आता लोखंडाच्या गावात मिरची सुटली. नवरा ठेकेदाराकडे होता, त्याचे काम सुटले, मिरची काही सुटली नाही.

या कामाचे नियम थोडे आहेत, पण ते चुकून चालत नाही. हाताला आग लागली की पाणी लावायचे नाही. पाण्याने आग जात नाही, पसरते. आधी तेल चोळायचे, मग बेसन, मग साबण. डोळ्याला हात लावायचा नाही. अंगावर पिणारे मूल असेल तर घरी जाऊन आधी हे सगळे करायचे, मगच मुलाला घ्यायचे. लघवीला जाण्याआधी हात धुवायचे, ही गोष्ट नव्या बाईला कानात सांगावी लागते. जिला कोणी सांगत नाही ती एकदाच चुकते.

गिऱ्हाईकही एकेक असते. लग्नसराईत एक बाबू आपली मिरची घेऊन आला. आम्ही त्याच्या मिरचीत दुसरी मिसळू म्हणून खुर्ची टाकून समोरच बसला. नाकाला रुमाल, तरी खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. आम्ही गप खुडत होतो. तो चक्कीच्या सेठला म्हणाला, "सेठ, ये औरतें खाँसती क्यों नहीं?"

सेठ म्हणाला, "इनको आदत है."

माझ्या शेजारी बसणारी बिसाहिन छत्तीसगढची. ती हळूच म्हणाली, "आदत नइ हे बहिनी. कोन ला बतावन?" म्हणजे सवय कसली, सांगायचे कोणाला? मला हसू आले होते. आता आठवले की हसू येत नाही.

ललिताला चक्कीवर मीच आणले. ती खुर्सीपारला आमच्याच गल्लीत सून म्हणून आली होती. नवरा राजू स्टील प्लांटमध्ये ठेकेदारी कामगार. सासरा नामदेवभाऊ भट्टीवरून रिटायर झालेला. थंडीत ललिता चांगली बसायची, हात भरभर चालायचा, गाणे गुणगुणायची. ऊन तापले आणि आमच्या डोक्यावरचा पत्रा तापला तसे तिचे पाय दिसू लागले. दुपार झाली की घोट्यापर्यंत लाल, आलत्यात बुडवल्यासारखे. सुजायचे. हात लावला तर तव्यासारखे गरम. ती सरकत सरकत माठाजवळच्या ओल्या जागेवर जाऊन बसायची आणि तिथून खुडायची.

बिसाहिनने तेल आणले, चोळले. मिरची असती तर उतरली असती. उतरली नाही.

"मावशी, ही मिरचीची नाही," ललिता मला म्हणाली. "मले लहानपणापासून आहे. मिरची तर आता आली."

"मंग घरी सांगितलं कावून नाही?"

"काय सांगू? संध्याकाळी गार झालं का पाय पहिल्यासारखे होतात. दाखवाले काही राहतच नाही."

दाखवायला काही राहत नाही. ही गोष्ट दुसऱ्या गावात निभली असती कदाचित. भिलाईत नाही. इथे जळणे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. गल्लीत दर चार घरांमागे एकाच्या अंगावर भट्टीची खूण आहे. नामदेवभाऊंच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गोळा झालेली आहे. गरम लोखंड उडाले होते. ते अर्ध्या बाहीचा शर्ट घालतात आणि पोरांना जवळ बोलावून तो हात दाखवतात. गल्लीत त्या हाताचा मान आहे, मीही मानते. पण त्या हातामुळे घरात जळण्याचा हिशेब त्यांच्याकडे गेला. ललिताने पाय जळतात म्हटले की ते हात पुढे करायचे.

"जळणं मले विचार. हे पाय, हे जळले म्हणतेस? खूण दाखव."

ललिता काय दाखवणार?

सासू यशोदाबाई त्यांच्यापेक्षा तिखट. "गॅसजवळ गेली का हिचे पाय लाल होतात. मोबाईलजवळ नाही होत बाप्पा."

यशोदाबाई विहारात बावीस प्रतिज्ञा सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणतात. तरी बाजाराला जाते म्हणून सुनेला बैगाकडे, झाडफूक करणाऱ्याकडे, घेऊन गेल्या. बैगाने लिंबू उतरवला, राख दिली. राख तळपायाला चोळली, पाय आणखी लाल. मग कोणीतरी महारोग म्हटले. तपासणीला नेले. तिथल्या बाईने डोळे मिटायला लावून पिसाने पाय चाचपले. जिथे जिथे पीस लागले तिथे तिथे ललिताने बरोबर सांगितले. बाई म्हणाली, महारोगात कळत नाही, हिला तर जास्तच कळते. घरी येऊन यशोदाबाईंनी गल्लीत सांगितले, डॉक्टरनं म्हटलं, काही नाही हिले.

एकट्या राजूने मानले. राजू चांगला पोरगा, आणि चांगल्या पोरानेच घात केला. प्लांटमध्ये कामावर घेताना शिकवतात, जळले तर पाणी, आणखी पाणी. हे या गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. त्याने प्लास्टिकचा टब आणला, त्यात बर्फाची लादी फोडून टाकली. ललिताने पाय बुडवले आणि तिला झोप लागली. बसल्या जागी झोप. किती दिवसांची होती कोणास ठाऊक. पण पाय बाहेर काढले की आग दुपटीने यायची, म्हणून पुन्हा टब. चक्कीवर यायचे बंद झाले. मी जाऊन पाहायची तर टबात पाय घालून भाजी निवडत असायची.

"कशी आहेस?"

"पाण्यात आहे तोवर बरी आहे, मावशी. मासोळी झाली मी."

उन्हाळा सरता सरता तिच्या पायांची कातडी पांढरी पडली, सुरकुतली आणि निघाली. जखमा झाल्या, पाणी वाहू लागले. आता खूण आली. सगळी गल्ली पाहायला आली. जे कधी बोलत नव्हते ते "अरे रे" म्हणाले. नामदेवभाऊंनी स्वतः ऑटो आणला. भिलाईच्या डॉक्टरांनी रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. जखमांना हात लावायला यशोदाबाईंना किळस आली म्हणून ललिता आणि राजूबरोबर मी गेले. सुट्टी मागितली तेव्हा सेठ म्हणाला, "आपकी कौन लगती है?" मी पिशवी उचलली. गेले.

रायपूरची डॉक्टरीण वयाने लहान, ललिताएवढीच असेल. तिने हातमोजा न घालता घोट्याला हात लावला, जखम नव्हती तिथे, आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "कितना गरम है. आप चलती कैसे हो?" एवढ्यावर ललिता रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारले होते.

तिने मलाही विचारले, तुम्ही काय करता? मी मिरची म्हटले. ती म्हणाली, मग तुम्हाला लवकर समजेल, आणि तिने हिंदीत समजावले. मला समजले तसे लिहिते.

कातडीत आणि कातडीखालच्या नसांत बारीक बारीक दरवाजे आहेत, डोळ्याला न दिसणारे. गरम लागले की त्यातला एक दरवाजा उघडतो. बाहेरचे खारट कण आत घुसतात, नस जागी होते आणि डोक्यापर्यंत निरोप जातो, आग लागली, हात काढ. मिरचीत असे काही आहे की तोच दरवाजा ती गरमीशिवाय उघडते. विस्तव नसतो, निरोप मात्र विस्तवाचाच जातो. पुदिन्याने गार वाटते तेही असेच, गारव्याचा दरवाजा वेगळा. खाजेचेही दरवाजे आहेत. कातडी कोरडी पडणे, सोलणे, जखम भरणे, सगळीकडे या दरवाजांचे काम आहे, आणि एखादा बिघडला तर त्याचा रोग होतो. नसांत पुढे आणखी दरवाजे आहेत, निरोप पुढे ढकलणारे. ललिताचा यातलाच एक दरवाजा जन्मापासून सैल आहे. थोड्या उबेने उघडतो आणि लवकर मिटत नाही. म्हणजे निरोप खोटा नाही. पाय जेवढे जळतात असे ती सांगते तेवढेच तिला जळते.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. काही माणसांचा हाच दरवाजा जन्मापासून बंद असतो. त्यांना दुखतच नाही, निखाऱ्यावर पाय ठेवतील. मी तिथेच मनात म्हटले, त्यांना लोक नारळ वाहतील. दरवाजा तोच. बंद असला तर देव, उघडा असला तर नाटक.

टबाचे ऐकून डॉक्टरीण कपाळाला हात लावून बसली. बर्फाचे पाणी बिलकुल नाही, म्हणाली. जखमा आगीच्या नाहीत, पाण्याच्या आहेत. पंखा लावा, पाय उंच ठेवा. तो दरवाजा थोडा अडवून धरणारी गोळी तिने दिली. सगळ्यांना लागू पडत नाही, पाहू म्हणाली. शेवटी विचारले, घरात अजून कोणाला आहे? आई, भाऊ?

ललिता म्हणाली, "नहीं."

राजूने घरी येऊन सगळे खरेखरे सांगितले. जखमा पाण्याने झाल्या हेही सांगितले. नामदेवभाऊंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे खूण बी हिनंच केली."

खूण नव्हती तेव्हा ती खोटारडी. खूण आली तर ती तिनेच केलेली. टब तिने नव्हता आणला, तो राजूने आणला होता, आणि प्लांटने शिकवले म्हणून आणला होता. पण राजू मान खाली घालून उभा राहिला.

बैठक बोलावली. विहारातले दोन जाणते, आणि गोंदियाकडच्या गावातून ललिताची आई. पोरगी परत न्यायची का, ते ठरवायचे होते. मी चक्कीवरून सरळ तिथे गेले, हाताला तेलही लावले नव्हते. त्या दिवशी मशीन साफ करायची माझी पाळी होती, बोटांच्या रेघांत भुकटी बसली होती.

"मावशी, दवाखान्यात तुमी होत्या," ललिता म्हणाली. "तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला दरवाजे आठवत होते, खारट कण आठवत होते, डॉक्टरणीचा शब्द न् शब्द आठवत होता. तोंड उघडले आणि काही निघाले नाही.

"बोला ना, सुमनबाई," नामदेवभाऊ म्हणाले. "तुमी तर डॉक्टर झाल्या ना आता."

मी उठले आणि त्यांचा उजवा हात धरला, ज्याला खूण नाही तो. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे माझी बोटे जोर लावून घासली आणि सोडून दिले. परक्या पुरुषाचा हात मी जन्मात धरला नव्हता. यशोदाबाई "हे काय वो" म्हणाल्या. जाणते एकमेकांकडे पाहू लागले. मी आपल्या जागेवर बसून वाट पाहिली.

मिरची घाई करत नाही. आधी त्यांनी मनगट खाजवले. मग झटकले. मग दुसऱ्या हाताने दाबून धरले.

"काय लावलं हे?"

"खूण दाखवा," मी म्हणाले. त्या पूर्ण बैठकीत मी एवढेच दोन शब्द बोलले.

मला वाटले होते, आता कळेल. ते उठून नळावर गेले, खळाखळा पाण्याने धुतले, धोतराला पुसत आले. पाण्याने काय होणार ते मला माहीत होते. मी तेल सांगितले नाही आणि मला त्याचे काही वाटत नाही.

"ही मिरची हाय," ते जाणत्यांना म्हणाले. "मिरची लागली म्हणून जळते. हिच्या पायाले कोणती मिरची लागली?"

जाणत्यांनी माना हलवल्या. बरोबरच विचारले होते. उत्तर मला दवाखान्यात मिळाले होते, माझ्याजवळ होते, फक्त तोंडात नव्हते. माझा राग माझ्या या तोंडावरही आहे.

तेव्हा ललिताची आई बोलली. कोपऱ्यात पदराखाली पाय घेऊन बसली होती. तिने पदर सारला आणि पाय ललिताच्या पायांशेजारी ठेवले. दोन्ही जोड्या लाल. एक सोललेली, एक भेगाळलेली, पण लाली एकच.

"धानाच्या रोवणीले मी सगळ्यात पहिले चिखलात उतरे," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी निघे. लोक म्हणत, बाई मोठी कामाची हाय. काम कशाचं जी. चिखल गार लागे."

ललिता आईकडे पाहतच राहिली. "आई, मले कावून नाही सांगितलं कधी?"

"सांगितलं असतं तं तुयं लगन झालं असतं का?"

मला वाटले, आता तरी. एका बाईने आयुष्यभर झाकलेले पाय पंचांसमोर उघडे केले होते, यापेक्षा मोठी खूण कोणती? एक जाणता घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे ही खानदानी बिमारी हाय. तुमी लपवून लगन केलं."

झाले. तिची साक्ष तिच्याच पोरीवर उलटली. दुसऱ्या दिवशी ललिता आईबरोबर गेली. पायांना पट्ट्या, हातात पिशवी, पिशवीत गोळ्या. राजू गाडीत बसवायला गेला आणि परत आला. परत आला, यासाठी मी त्याला माफ केलेले नाही.

पुढच्या महिन्यात नामदेवभाऊ घरची मिरची घेऊन चक्कीवर आले. बाकी बायका डबा खायला मागे गेल्या होत्या. मी त्यांच्याच मिरचीचे देठ खुडत होते. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. नाकाला रुमाल लावला, मग काढला.

"सुमनबाई, त्या दिवशी धुतलं तं आणखीच वाढलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जळत होतं."

मी खुडत राहिले.

"भट्टीवर जळलो तेव्हा बी असं नाही वाटलं. तिथं धावपळ होती, दवाखाना होता. हे तं चूपचाप."

"यशोदाबाईले सांगितलं?" मी विचारले. समोरासमोर दोघेच असलो की मला बोलता येते.

"नाही."

"कावून?"

"काय सांगू?" ते मनगटाकडे पाहत म्हणाले. "दिसत तं काहीच नव्हतं. कोणी मानलं असतं का?"

मी हात थांबवला. ते काय बोलले ते त्यांच्याही लक्षात आले, मला दिसले. त्यांनी मान वळवून मशीनकडे पाहिले.

"हे मले नका सांगू, भाऊ," मी म्हणाले. "गाडी सकाळी जाते. तिथं जाऊन तिले सांगा."

"पाहू," ते म्हणाले. रिकामी पिशवी घेतली आणि गेले.

ललिता माहेरी आहे. जखमा भरल्या. गोळीने आग अर्धी झाली, असा तिचा निरोप आला. राजू रविवारी जातो, संध्याकाळी परत येतो. नामदेवभाऊ अजून गेले नाहीत. मी चक्कीवरून येते तेव्हा ते ओट्यावर बसलेले असतात, पोरे भोवती असतात आणि ते डावा हात दाखवत असतात. मला पाहिले की उजवा हात मांडीखाली घेतात.